आधी उतार, मग चढ: मराठवाड्यातील काही सोप्या पायवाटा

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर ज्यांची पावले तयार झाली आहेत, त्यांना मराठवाड्यातील भटकंती पहिला तासभर फसवी वाटते. गाडी पठारावर थांबते, समोर गुडघ्याएवढे गवत आणि नजर पोहोचेल तिथवर सपाट माळ दिसतो, आणि सोबतचा कोणीतरी ‘यात चढायचे काय?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही. थोडे पुढे गेल्यावर मात्र जमीन एकाएकी तुटते, खाली दाट झाडीत लपलेली घळ दिसते आणि तिच्या तळाशी बहुधा एखादे महादेवाचे मंदिर असते. आपल्याकडची वाट आधी उतरते आणि मग चढते. किल्ल्यावर चढ सकाळच्या ताज्या पायांच्या वाट्याला येतो. इथे तो जेवणानंतर, डोक्यावर ऊन असताना आणि बाटलीत दोन घोट उरलेले असताना समोर उभा राहतो. या वाटांना मी सोप्या म्हणतो, पण एवढी अट घालूनच म्हणतो.

याचे कारण खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. बालाघाट काय किंवा अजिंठ्याचे डोंगर काय, त्यांचे माथे सपाट आहेत ते यामुळेच. नद्यांनी हे थर वरून खाली कापत आणले. कठीण काळा पाषाण जिथे टिकला तिथे कडा राहिला आणि सच्छिद्र, ठिसूळ थर जिथे झिजला तिथे उताराची पायरी तयार झाली. गुराख्यांच्या पायवाटा नेमक्या या ठिसूळ पायऱ्यांवरून जातात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो. तो दिसला की आपण एका लाव्हाथरातून दुसऱ्यात उतरलो असे समजावे.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका या दृष्टीने मला सर्वांत समृद्ध वाटतो, जरी त्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते दुष्काळ आणि ऊसतोड यांच्या निमित्ताने. याच तालुक्यातील डोंगरात मांजरा उगम पावते आणि पूर्वेकडे सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते, पण तिचे पाणी जामखेडकडे उतरून सीनेला, सीनेतून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जाते. एका तालुक्यात पडलेल्या पावसाची अशी दोन खोऱ्यांत वाटणी होते, आणि ती ज्या माळावर होते तिथे उभे राहिले तर पाणलोटाची रेघ डोळ्यांना दिसतही नाही.

सौताड्याला मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. मेहुणा सोबत होता. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. उतरायला फारसा वेळ लागला नाही, खाली गारवा होता, धबधब्याची धार बारीक झाली असली तरी डोहात पाणी होते, आणि आम्ही दोघांनी मिळून आणलेली एकुलती एक लिटरची बाटली तिथेच बसून संपवली. परत निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. कडे तापले होते, वारा घळीत शिरत नव्हता, आणि अर्ध्या वाटेवर मेहुण्याच्या पायात गोळे आले. वर शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “पाणी खालीच संपवलं का? मग चढायला काय ठेवलं?” त्यांनी आपल्या कॅनमधले पाणी दिले, म्हणून पुढचे निभावले. तेव्हापासून माणशी दोन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन मी कोणत्याही दरीत उतरत नाही, आणि त्यातले निम्मे चढासाठी राखून ठेवतो. श्रावणातल्या सोमवारी तिथे मोठी गर्दी असते. ज्यांना दरी पाहायची आहे, त्यांनी तो दिवस टाळलेला बरा.

माळावरच्या चालण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक तो भाग दरीकडे जाण्याचा रस्ता म्हणूनच उरकतात. भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून मार्गशीर्षापर्यंत हे गवत पाहण्यासारखे असते. मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी ही नावे जनावरे पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात आणि शहरातून आलेल्याला सगळे एकच ‘गवत’ वाटते. यातील कुसळीची ओळख मात्र मोज्यांमार्फत होतेच. मागच्या वर्षी मी एक कुसळ मोज्यातून उपसून नीट पाहिले. पुढे सुईसारखे अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे दोरीसारखी पिळलेली काळपट शेपटी. तळहातावर पाण्याचा थेंब टाकून ते त्यात ठेवले, तर क्षणभराने शेपटीचा पीळ सुटू लागला आणि अख्खे कुसळ हातावर हळूहळू गोल फिरले. ओलावा आला की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत रुजवून घेते. मोजा आणि माती यांतला फरक त्याला कळत नाही, एवढाच आपला त्रास. मेंढ्यांच्या लोकरीतून ते कातडीपर्यंत जाते, म्हणून कुसळी पिकली की धनगर ते कुरण टाळून पुढे सरकतात. आपणही पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची पँट घालावी. लोकरीचे मोजे घालून तर अजिबात जाऊ नये.

या माळांना सरकारी भाषेत सर्रास पडीक म्हटले जाते, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. बीडजवळच्या ज्या माळावर मी वर्षानुवर्षे सकाळी फिरायला जात असे, तिथे एका उन्हाळ्यात यंत्राने सलग समतल चर खोदले आणि खड्ड्यांत रोपे लावली. पाणी जिरवण्याचे काम आवश्यक आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण खडकाळ, वीतभर मातीच्या त्या माळावर रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेली, जुनी पायवाट सोळा ठिकाणी तुटली, आणि उघड्या जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटव्या व चंडोल तिथे पूर्वीसारखे दिसत नाहीत. झाड नाही म्हणजे काहीच नाही, असे समजणाऱ्यांना एकदा नोव्हेंबरच्या सकाळी तिथे उभे करावेसे वाटते.

ज्यांना सोबत मुले किंवा वयस्क माणसे न्यायची आहेत, त्यांच्यासाठी मांजरसुंब्याजवळचे कपिलधार उत्तम. सोळाव्या शतकातील वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी तिथे दरीत आहे आणि शेजारीच धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांतून दिंड्या पायी येतात. गाडीरस्ता थेट खाली जात असला तरी मी गाडी वर ठेवून चालत उतरतो. उताराला दुतर्फा सीताफळाची झुडपे आहेत. दसऱ्याच्या सुमारास डोळे फुगलेली फळे हाताशी असतात, पण त्यांचा हंगाम घेणारी कुटुंबे तिथे असतात, तेव्हा फळ विकतच घ्यावे.

उत्तरेकडे कन्नडजवळ गौताळा अभयारण्य आहे, १९८६ साली घोषित झालेले. त्यातील पितळखोऱ्याची वाट ही माझ्या मते मराठवाड्यातील सर्वांत सुंदर अर्ध्या दिवसाची चाल आहे. इथेही पठारावरून पायऱ्या उतरून घळीत जायचे. पावसाळ्यानंतर ओढा वाहत असतो, आणि त्याच्या काठी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची बौद्ध लेणी आहेत. पैठणच्या दात्यांची नावे इथल्या शिलालेखांत आहेत. म्हणजे प्रतिष्ठानचा, अर्थात जुन्या पैठणचा, व्यापारी आणि ही आडबाजूची दरी यांचे नाते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने घडवलेली हसऱ्या यक्षाची मूर्ती इथेच सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हत्तींची कोरीव रांग आणि प्रवेशाचा जिना मात्र जागेवर आहेत. या खडकाचा थर ठिसूळ असल्याने लेण्यांची पडझड बरीच झाली आहे. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात, त्यामुळे अत्तर लावून जाणे, धूर करणे, आरडाओरडा करणे या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आभाळ भरून आले असेल तर घळीत उतरूच नये; पाऊस वर पठारावर पडतो आणि लोंढा खाली येतो.

अजिंठ्याला सगळे जातात, पण बहुतेक जण लेण्यांच्या दारात बसने उतरतात. समोरच्या डोंगरावरील व्ह्यू पॉइंटपासून पायी वाघूर नदीपर्यंत उतरून लेण्यांत जाणारी वाट धरली, तर नदीचे घोड्याच्या नालेसारखे वळण आणि त्यावर ओळीने कोरलेली लेणी आधी एका नजरेत दिसतात. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती समोरच्या बाजूनेच दिसली होती. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून गेलेली बरीच मंडळी मला तिथे भेटली आहेत. एकदा मी स्वतःच त्यांत होतो.

धाराशिव जिल्ह्यातील येडशीचे रामलिंग मी शेवटी ठेवले, कारण तिथे मी आईला घेऊन जातो. अभयारण्याच्या घळीत मंदिर आहे, पावसाळ्यात त्याच्या भोवतीचा ओढा भरून वाहतो, आणि सीतेसाठी रावणाशी लढलेला जटायू इथेच पडला, असे लोक सांगतात. आईचे वय आता एकाहत्तर आहे. गेल्या कार्तिकात उतरताना ती माझ्या पुढे होती. परतताना पायऱ्यांच्या मध्यावर कठड्यावर टेकली, बाटली मागून घेतली, आणि पाणी पिऊन झाल्यावर लुगड्याच्या काठात अडकलेली कुसळे एकेक करून काढत बसली. माकडांचा एक कळप वरच्या झाडावरून आमच्या पिशवीकडे पाहत होता. ती काठावरचे शेवटचे कुसळ निघेपर्यंत उठली नाही, आणि मलाही घाई नव्हती, कारण उरलेला चढ तेवढाच होता आणि बाटलीत अजून अर्धा लिटर पाणी होते.