स्लॅप्टन सँड्स: रंगीत तालमीत गेलेल्यांचा किनारा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, समुद्राला अगदी खेटून टॉरक्रॉस नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या वाहनतळाच्या कडेला एक काळा कुळकुळीत रणगाडा उभा आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. लांबून रणगाडा गुळगुळीत वाटतो, पण हात फिरवला की रंगाखालचे खाऱ्या पाण्यानं खाल्लेले खळगे बोटांना लागतात. कुणीतरी एका खाचेत युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ वाहतात ते लाल कागदी पॉपीचं फूल आणि बोटभर लाकडी क्रूस खोचून ठेवला होता. फूल भिजून रणगाड्याला चिकटलं होतं.

इथून सुरू होणारा स्लॅप्टन सँड्सचा किनारा सुमारे पाच किलोमीटर लांब आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचं तळं आणि मधून जाणारा अरुंद रस्ता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर समुद्रातून चाल करून नॉर्मंडीत उतरायचं घाटत होतं. तिथल्या ‘युटा’ किनाऱ्याची ठेवणही अशीच, म्हणून अमेरिकन सैन्यानं सरावासाठी ही जागा निवडली. 1943 च्या नोव्हेंबरमध्ये आसपासच्या गावांना हुकूम आला: 20 डिसेंबरपर्यंत घरं रिकामी करा. सुमारे तीन हजार माणसं गुरंढोरं, अवजारं, भरला संसार घेऊन बाहेर पडली. तीस हजार एकर मुलूख ओस पडला. जुनी चर्च जपा, अशी सैनिकांना विनंती करणारी पत्रं चर्चच्या दारांवर लावलेली होती.

आक्रमणाची रंगीत तालीम ठरली 1944 च्या एप्रिलअखेर. नाव ‘एक्सरसाइज टायगर’. 28 एप्रिलच्या पहाटे सैनिकांनी भरलेली आठ जहाजं लाइम उपसागरातून किनाऱ्याकडे येत होती आणि जर्मन टॉर्पेडो बोटींनी त्यांना गाठलं. सोबतीला असायची ती विनाशिका दुरुस्तीसाठी बंदरात होती. टंकलेखनातल्या चुकीमुळे जहाजांकडे रेडिओची फ्रिक्वेन्सीही चुकीची होती. दोन जहाजं बुडाली, एक जायबंदी झालं. 749 अमेरिकन माणसं गेली. कित्येकांनी जीवरक्षक पट्टा काखेत न बांधता कमरेला बांधला होता. पाठीवरच्या ओझ्यानं ते उलटे झाले, डोकं पाण्याखाली गेलं. पट्टा कसा बांधायचा, हे त्यांना नीट शिकवलेलंच नव्हतं. हे वाचून होतो, पण त्या पाण्यासमोर उभं राहिल्यावर घशाशी आवंढा आला.

जगले-वाचलेल्यांना तोंड बंद ठेवण्याचे आदेश होते. पुढे नॉर्मंडीच्या धामधुमीत हे मागे पडलं. किनाऱ्यावर 1954 मध्ये अमेरिकन सैन्यानं उभारलेला दगडी स्तंभ आहे. त्यावर घरंदारं सोडणाऱ्या गावकऱ्यांचे आभार आहेत, गावांची नावं आहेत. त्या पहाटे गेलेल्यांबद्दल अवाक्षर नाही. हा स्तंभ चुकवू नका. आधी तो वाचा, मग रणगाड्याकडे या, म्हणजे केन स्मॉल यांनी काय केलं ते उमगेल.

स्मॉल तिथे छोटंसं अतिथीगृह चालवायचे. किनाऱ्यावर फिरताना त्यांना काडतुसं, बटणं, गोळ्यांचे तुकडे सापडायचे. समुद्रात कशाला तरी जाळी अडकतात, असं कोळ्यांनी सांगितलं. ते ‘कशाला तरी’ म्हणजे सरावाच्या काळात बुडालेला शर्मन रणगाडा. 1974 मध्ये त्यांनी तो अमेरिकन सरकारकडून पन्नास डॉलरला विकत घेतला आणि 1984 च्या मे महिन्यात वर काढला. मृतांसाठी स्मारक हवं म्हणून हा माणूस दहा वर्षं झटला, हातात काही अधिकार नसताना. मला तर स्तंभापेक्षा हा गंजका रणगाडाच खरा वाटतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सर्वांत सोयीचं रेल्वे स्थानक टॉटनेस, लंडनच्या पॅडिंग्टनहून साधारण तीन तास. पुढे किंग्जब्रिजला बस बदलावी लागते. फेऱ्या कमी असल्यानं परतीची वेळ आधीच टिपून ठेवा. आमची एक बस हुकली आणि अर्धी दुपार गेली. गाडीनं जात असाल तर आतले रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून वाहन आलं की कुणाला तरी मागे घ्यावं लागतं, घाई करू नका. तळ्याकाठच्या रस्त्याला वादळांनी याआधीही तडाखे दिलेत, म्हणून निघण्याआधी तो चालू आहे ना, हे पाहा.

‘सँड्स’ नावावर जाऊ नका, वाळू नाही, सगळे गोटे. पाय घोट्यापर्यंत रुततात, तेव्हा जाड तळाचे बूट हवेत. उतार एकदम खोल जातो. लहान मुलांना लाटांजवळ सोडू नका. वाऱ्याला आडोसा नाही, भरउन्हाळ्यातही अंगात जाडसर काही असू द्या. आणि गोट्यांत धातूची वस्तू दिसली तर कितीही मोह झाला तरी उचलू नका. न फुटलेला दारूगोळा इथे अजून अधूनमधून सापडतो. लांब व्हा आणि 999 ला फोन करून तटरक्षक दलाला कळवा.

शक्य असेल तर एप्रिलच्या अखेरीस जा. तेव्हा दरवर्षी रणगाड्यापाशी स्मरणसभा भरते. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. निघताना ते भिजलेलं फूल वाऱ्यानं सुटून खाली पडलं होतं, ते पुन्हा खाचेत खोचलं आणि बस गाठली.