ऑनलाइन ‘उपलब्ध’ वाचून एसटीत बसू नका

खान्देशातल्या ग्रंथालयांवर माझा राग नाही. राग आहे तो ‘आता सगळं ऑनलाइन आहे, घरी बसून शोधायचं आणि जाऊन घेऊन यायचं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर. यातल्या एकानेही गेल्या पाच-दहा वर्षांत रॅकपाशी उभं राहून पुस्तक शोधलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मी शोधत होतो तो विषय पांझरा नदीवरचे फड बंधारे. इकडच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी दोन ओळी. नदीवर जुने दगडी बंधारे, त्यातून निघणारा पाट, पाटाखालचं थळ म्हणजे त्याने भिजणारी जमीन, आणि थळाचे पाडलेले तुकडे म्हणजे फड. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढे फेरपालट. पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार, आणि हे सगळं गावाने ठरवायचं. आता सांगा, याची पुस्तकं ग्रंथालयात कुठे सापडतील?

पहिला ठेचकाळण्याचा दगड इथेच आहे. बहुतेक महाविद्यालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण चालतं, १८७६ सालचं. ते पुस्तक लावतं ज्ञानशाखेप्रमाणे, विषयाप्रमाणे नाही. म्हणजे बंधारा एकच, पण तो इंजिनिअरने लिहिला तर पुस्तक ६२७ मध्ये, शेतीवाल्याने लिहिला तर ६३१.५८७ मध्ये, अर्थशास्त्राच्या अंगाने लिहिला तर ३३३.९१ मध्ये, पाण्याच्या हक्काचा कायदा ३४६ मध्ये, गावगाड्याचा अभ्यास ३०७.७२ मध्ये आणि कुणा इतिहासकाराने हात घातला असेल तर थेट ९५४ मध्ये. भूजलाचं काही हवं असेल तर ५५१.४९. मोठ्या इमारतीत हे आकडे तीन मजल्यांवर पसरलेले असतात आणि लिफ्टला हमखास ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी असते. भावकी वाटणी करून वेगवेगळ्या गल्ल्यांत राहायला जावी, तशी ही पुस्तकं. ड्यूईलाही याची कल्पना होती, म्हणून त्याने कोष्टकांना सापेक्ष निर्देशी जोडली. तिच्यात एक विषय काढला की तो कोणकोणत्या शाखांत विखुरलाय ते एका जागी दिसतं. देवघेव काउंटरवर मागा. कुलूपबंद कपाटातून जाडजूड खंड निघतो आणि तुमच्याकडे आदराने पाहिलं जातं. अर्धा तास त्यात घालवा, आकडे उतरवून घ्या आणि मगच कॉम्प्युटरला हात लावा.

कॉम्प्युटरवर शोधताना लोक ‘फड’ टाकतात आणि निकालात तमाशाचे फड येतात. शीर्षकाने शोधण्याचा मोह टाळा. एखादं नक्की माहीत असलेलं पुस्तक काढा, त्याच्या नोंदीत खाली विषयशीर्षकं दिलेली असतात, त्यांवर क्लिक करा. ही शीर्षकं बहुतेक ठिकाणी अमेरिकन पद्धतीची, इंग्रजीत असतात, त्यामुळे ‘फड’, ‘पाट’, ‘थळ’ यातलं काही तिथे मिळणार नाही. सगळं ‘इरिगेशन’ आणि ‘वॉटर राइट्स’खाली. ग्रंथालयात कोहा ही संगणक प्रणाली असेल तर प्रतीच्या ओळीत शेजारची पुस्तकं दाखवणारी एक लिंक असते. ती दाबली की त्याच रॅकवरचं डावं-उजवं पुस्तक पडद्यावर दिसतं. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल कुणीच सांगत नाही.

मराठी पुस्तकांचं वेगळंच रडगाणं आहे. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ हे मशीनच्या लेखी दोन वेगळे प्रदेश आहेत, दोन्ही टाका. रोमनमध्ये नोंद असेल तर जुन्या इंग्रजी पुस्तकांत नाव ‘सी’पासूनही सुरू होतं. मराठी शीर्षकं काही ठिकाणी युनिकोडमध्ये, काही ठिकाणी रोमनमध्ये, आणि काही ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फॉन्टमधली नोंद आज उघडली की कंस, टक्के आणि डॉलरचा चिवडा दिसतो. अशी नोंद मराठीत शोधून जन्मात सापडत नाही. ती काढायची असेल तर बोधांकाने, म्हणजे पुस्तकाच्या वर्गाच्या आकड्याने काढा, कारण आकडे आकडेच राहतात.

जिल्ह्यांच्या नावांचाही घोळ आहे. १९०६ पर्यंत सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे अक्कलकुवा, धडगावचं जुनं काहीही हवं असेल तर ‘नंदुरबार’ टाकून हाती भोपळा. ‘धुळे’ टाका, ‘पश्चिम खान्देश’ टाका. १८८० चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, खंड बारा, हा तर अखंड खान्देशाचा आहे. त्यासाठी मात्र कुठेच जाऊ नका, स्कॅन केलेली प्रत नेटवर फुकट वाचता येते. मी त्याच्यासाठी एका वाचनालयात अनामत भरण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या एमपीएससीवाल्या पोराने मोबाइलवर काढून दाखवलं.

आता त्या एका दिवसाबद्दल. गाव आणि महाविद्यालय, दोन्हींची नावं लिहीत नाही.

ऑनलाइन तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, पाणीवाटपावरची मला हवी असलेली दोन पुस्तकं तिथे, दोन्ही ‘उपलब्ध’. हिरव्या अक्षरांत. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. एप्रिल महिना, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असं ऊन, एसटीची खिडकी उघडली तर झळ आणि लावली तर भट्टी. स्टँडवरून रिक्षावाल्याने जे पैसे सांगितले त्यात मी जळगाव ते अमळनेर रेल्वेने जाऊन आलो असतो. ‘भाऊ, ऊन किती आहे ते बघा ना.’ उन्हाचे पैसे वेगळे!

पोचलो तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपल्यावर ओळखपत्र दाखवा, बाहेरचे वाचक म्हणून प्राचार्यांची सही आणा, प्राचार्य मीटिंगमध्ये. काउंटरच्या मागच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं फ्रेम करून लावलेली. चौथं, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, बरोबर माझ्या नाकासमोर. ते मी किती वेळा वाचलं असेल याचा हिशेब नाही.

सही आली. ग्रंथालयातले शिपाई काका चिठ्ठी घेऊन आत गेले, मीही मागोमाग. ३३३.७ ची पुस्तकं संपली आणि पुढचं पुस्तक एकदम ३३८. मधली फळी रिकामी, तिच्यावर धुळीत एक चौकोनी स्वच्छ डाग आणि मेलेली पाल. काकांनी वरची फळी पाहिली, खालची पाहिली, मागे पडलंय का म्हणून हात घातला, आणि शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, पुस्तक आठे नही शे. कम्प्युटरमा शे.’

यापेक्षा नेमकं निदान नंतर कुणीही केलं नाही.

ग्रंथपाल मॅडम भल्या होत्या. त्यांनी दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन उतरवायची वही, काढली, तेव्हा उलगडा झाला. एका पुस्तकापुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘निर्लेखित’. म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी रीतसर रद्दीत गेलेलं. सॉफ्टवेअर बदललं तेव्हा पुस्तकांच्या नोंदी नव्यात आल्या, पण हे शेरे वहीतच राहिले. त्यामुळे मेलेली पुस्तकं नव्या यादीत जिवंत झाली आणि कुणी मागायलाच आलं नाही म्हणून जिवंतच राहिली. दुसरं पुस्तक होतं, पण विभागीय ग्रंथालयात. विभागीय ग्रंथालय म्हणजे विभागप्रमुखांच्या खोलीतलं एक गोदरेजचं कपाट. किल्ली सरांकडे. सर लग्नाला. कुणाच्या, कुठल्या गावी, कधी येणार, हे विचारण्याचं त्राण उरलं नव्हतं.

म्हणून नियम ऐका. तालिकेतला ‘उपलब्ध’ म्हणजे ‘कुणाच्या नावावर दिलेलं नाही’, एवढंच. ते फळीवर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. निघण्यापूर्वी बोधांक आणि दाखल क्रमांक, दोन्ही लिहून घ्या आणि फोनवर फक्त एवढंच म्हणा, ‘मॅडम, हा दाखल क्रमांक कपाटात आहे का, कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगाल का?’ पुस्तकाचं नाव सांगितलं की ते कॉम्प्युटर बघून ‘हो’ म्हणतात, आणि तो कॉम्प्युटर तुम्ही आधीच पाहिलेला असतो. फोन उचलला नाही तर जाऊ नका. संपलं.

आणि याच्या उलटही घडतं, ते जास्त महत्त्वाचं. बाहेर पडताना व्हरांड्यात, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या मागे, जुनं लाकडी तालिका-कपाट दिसलं. सहज खण ओढला. कार्डांच्या खालच्या भोकांतून गेलेली पितळी सळई, टाइपरायटरचा ‘र’ सगळीकडे अर्धवट उमटलेला, कोपऱ्यात जांभळ्या शाईत दाखल क्रमांक. पाटबंधाऱ्यांच्या विषयकार्डांत एक जुना सरकारी अहवाल होता, ज्याचा ऑनलाइन मागमूसही नाही. कार्डावरून यादी कॉम्प्युटरवर घेताना बहुतेक ठिकाणी नवी पुस्तकं आधी घेतली आणि जुनी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली. तो ‘नंतर’ अजून यायचाय. अहवाल तळघरात निघाला, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात, कडेने वाळवी लागलेला, पण मधली पानं शाबूत. रिक्षावाल्यालासुद्धा माफ करावंसं वाटलं, पाचेक मिनिटं.

तेव्हा विद्वानांनो, कार्डांचं कपाट अजून असेल तिथे आधी ते उघडा. ते भंगारात निघालेलं असेल तर दाखल नोंदवही मागा. ती सगळीकडे असते, कारण ऑडिटला लागते.

बाकीचा प्रवास थोडक्यात. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावच्या पश्चिमेला, गिरणेपलीकडे बांभोरीला, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. सकाळी लवकर जा आणि दिवसभराचं काम घेऊनच जा. तिकडच्या संशोधनाचे प्रबंध पाहायचे असतील तर आधी शोधगंगा ही प्रबंधांची वेबसाइट उघडा. घरी वाचता येतं ते वाचायला तिथवर जाण्यात अर्थ नाही. अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तत्त्वज्ञानवाल्यांनी ते चुकवू नये, मला पाण्याचंच काम असल्याने मी नुसता पाहून आलो. दिवस छान गेला, लिहिण्यासारखं काही घडलं नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. दोन्हीकडे खरी दौलत हस्तलिखितं आणि जुनी कागदपत्रं. छापील क्रमिक पुस्तकांच्या यादीची सवय घेऊन जाल तर निराश व्हाल. काय शोधताय ते माणसाला सांगा, यंत्राला नको. एरवी धुळ्याला एक दिवस जास्त ठेवा, यावर वाद घालणार नाही.

मार्ग आखताना एवढं लक्षात ठेवा की सुरत-भुसावळ रेल्वे जळगाव, अमळनेर, नंदुरबार जोडते, धुळ्याला शिवत नाही. धुळ्याची गाडी चाळीसगावहून. त्यामुळे अमळनेरपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, हेच सोयीचं. पाण्याची बाटली, टोपी वगैरे सांगत बसत नाही, इकडे फिरणाऱ्याला तेवढं कळतं. पण तोंडाला बांधायला रुमाल आणि खिशात छोटी टॉर्च हवीच, तळघरांतल्या ट्यूबलाइटी फक्त टिमटिमतात.

झेरॉक्सबद्दल शेवटचं. ग्रंथालयातलं मशीन बंद असतं, हे गृहीत धरा. मग काका पुस्तक घेऊन तुमच्याबरोबर गेटसमोरच्या दुकानात येतात आणि दुकानदाराला कळतं की हे गिऱ्हाईक बाहेरचं आहे, आजच परत जाणार आहे. पानाला जो भाव बाजूच्या पोराला लावला त्याच्या तिप्पट मला लावला, वर ‘जुनं पुस्तक आहे, जपून करावं लागतं’ हे ऐकवलं. जपून म्हणजे काय, तर बांधणी उलटी मोडून काचेवर दाबली. मोबाइलने फोटो काढू द्याल का, हे ग्रंथपालांना आधीच विचारा. बहुतेक जण देतात, पुस्तकाचा जीवही वाचतो. नाही म्हणाले तर दुकानात शिरण्यापूर्वी भाव ठरवा, आणि मोजायला बसा, कारण माझ्या गठ्ठ्यात सोळा पानं दोनदा होती आणि पान एकशे बारा एकदाही नव्हतं.