पाणी कुठून येतंय?

पावणेबारा वाजलेत. झोप येत नाहीये म्हणून लिहिते आहे.

आजीच्या पुराच्या गोष्टीवर मी चित्रकथा काढते आहे, तिची आठही पानं सरांनी आज पाहिली. पाहिली म्हणजे उलटली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मग परत पाचव्या पानावर आले आणि विचारलं, "पाणी कुठून येतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, पानशेतहून. 12 जुलै 1961, सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला... मला थांबवून म्हणाले, "ते ठाऊक आहे गं. पानावर कुठून येतंय?" आणि ट्रेसिंग पेपर ठेवून निळ्या पेन्सिलीने प्रत्येक चौकटीवर एकेक बाण काढला. चौथ्या पानावरचे सगळे बाण डावीकडून उजवीकडे. पाचव्यावरचे सगळे उलटे. "आजी एकाच गच्चीवर उभी आहे ना? मग नदी कशी फिरली?"

बस्स. लाटांबद्दल एक शब्द नाही.

त्या पाचव्या पानाला तीन रात्री गेल्यात. निबने एकेक रेघ, रेघेशेजारी रेघ, मधे पांढरं किती सोडायचं ते श्वास धरून ठरवायचं. गढूळ पाणी नुसतं काळं करून भागत नाही, त्याला वजन दिसावं लागतं. मनगट अजून दुखतंय. ज्या माणसाने उभा जन्म ब्रशने शाई केली, त्याला ते दिसलं नसेल? दिसलं असेल तर बोलले का नाहीत? आई निदान "छान झालंय" म्हणते. मला आज कोणाचं तरी "छान" हवं होतं आणि ते त्यांच्याकडूनच हवं होतं.

संवादांच्या फुग्यांबद्दलही काहीतरी म्हणाले. ते आत्ता लिहवत नाही.

जेवण झाल्यावर मी तो ट्रेसिंग पेपर नुसताच उजेडात धरून बसले. त्यावर ना लाटा, ना आजी, ना वाडे. फक्त बाण. आणि खरंच, चौथ्या पानावरून पाचव्यावर गेलं की डोळा अडखळतो. आपण डावीकडून वाचतो. डावीकडून आलेलं पाणी वाचणाऱ्याला बरोबर घेऊन जातं, उजवीकडून आलेलं त्याच्या अंगावर येतं. सर निघताना म्हणाले होते, "उजवीकडून आणायचं असेल तर जरूर आण. पण का आणलंस ते तुला सांगता आलं पाहिजे." मला सांगता आलं नाही, कारण मी ते आणलंच नव्हतं. झालं होतं.

का झालं ते दहा वाजता कळलं. चौथं पान मी आजीच्या बोलण्यावरून काढलं होतं. मातीचे वाडे पाण्यात बसायला लागले तसे सगळे शेजारच्या सिमेंटच्या इमारतीवर चढले, ते. नारायण पेठेतून नदीकडे तोंड केलं की मुठा डावीकडून उजवीकडे वाहते. पाचवं पान मात्र मी एका जुन्या फोटोवरून काढलं, लकडी पुलाचा तो कोन मला फार आवडला होता म्हणून. तो फोटो डेक्कनच्या बाजूने काढलेला आहे. म्हणजे चौथ्या पानापर्यंत मी आजीशेजारी उभी होते आणि पाचव्यावर तिला तिथेच सोडून पलीकडच्या काठावर निघून गेले. तिकडे ती नव्हतीच त्या दिवशी.

हे मला त्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

स्कॅन करून पान आडवं उलटवून पाहिलं. पाणी सरळ झालं, पण बायकांचे पदर उजव्या खांद्यावर गेले, दुकानाची पाटी उलटी झाली. नाही चालणार. पान नव्याने काढायला हवं. तीन रात्री. त्या लाटा कुठेच लागणार नाहीत, हे वाक्य लिहितानाही घशाशी येतंय, पण खोटं कशाला लिहू, बाण पाहिल्यापासून मला त्या लाटा पहिल्यासारख्या दिसतही नाहीत. चांगल्या आहेत. या गोष्टीतल्या नाहीत.

आजी दहानंतर जागीच असते. फोन करून विचारलं, गच्चीवरून लकडी पूल कोणत्या हाताला? म्हणाली, "डाव्या." मग थोडं थांबून, "पण दिसत कुठे होता? वरून पाणी जात होतं. बाबा बोट दाखवून सांगत होते, तिथे पूल आहे, तिथे. मला वाटायचं, हे नुसतं म्हणतायत."

पुराची गोष्ट तिच्याकडून लहानपणापासून ऐकते आहे. हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं की तू नक्की कुठे उभी होतीस आणि तिथून काय दिसत होतं. माझ्या पाचव्या पानावर पूल कमानींसकट स्वच्छ दिसतो. फोटो पाणी ओसरताना काढलेला असणार.

कोरा कागद टेबलावर चिकटवलाय. शाईची बाटली उघडलेली नाही. पेन्सिलीने खालच्या कडेला गच्चीचा कठडा काढला, एक बाण काढला, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून पुढे गेलेला बाबांचा हात. बोटाच्या पुढे जागा रिकामी आहे. तिथे पाणी येईल, पण त्याखाली पूल आहे हे त्या पाण्यावरून कळलं पाहिजे. तिथे पाणी थोडं उचललं जात असेल का? उद्या आजीला विचारते.