अर्ध्या युनिटचा पाहुणा

परवा कणकुंबीत एका ओसरीवर बसून चार्जरच्या लाल दिव्याकडं बघत होतो. दुपारचे दोन वाजलेले. सकाळी बेळगावातनं निघून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत ४० च्या वर किलोमीटर झालेले, आणि सायकलीच्या बॅटरीच्या पाच काड्यांतल्या दोनच राहिलेल्या.

इलेक्ट्रिक सायकल घेतल्यापासनं मला ही एक खोड लागलीय, कुणाच्याही घरात शिरलो की आधी भिंती बघतो, प्लगची जागा कुठाय. इथं एकच होती, मिक्सरची. मी संकोचत विचारलं तर काकू म्हणाल्या, "लावा की वो, त्यात काय विचारायचं." तरी मी लगेच लावली नाही. उन्हातनं तापून आलेली बॅटरी जरा गार होऊ द्यायची असते. आई आम्हालासुद्धा उन्हातनं आल्या आल्या पाणी पिऊ द्यायची नाही, आधी गुळाचा खडा आणि दोन मिनिटं गप बसायचं, तसंच हे.

आता ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-अवर म्हणजे ५०४ वॉट-अवर, पूर्ण रिकामी बॅटरी भरली तरी जेमतेम अर्धा युनिट. काकूंनी दिलेला चहासुद्धा त्याच्यापेक्षा महाग पडला असणार, मग पैसे देऊ केले तर ते चहाचे की करंटाचे? आणि चार्जर २ अँपिअरचा, पूर्ण भरायला निदान सात तास. म्हणजे मागायचं विस्तवासारखं आणि बसायचं पाहुण्यासारखं.

लहानपणी आमच्या गावाकडं, खानापूर भागात, रविवारी सकाळी टीव्हीच्या टायमालाच लाईट जायची म्हणून काकांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणलेली. शनिवारी ती सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबनं आवळून खानापुरात चार्जिंगला न्यायची. दुकानात ओळीनं बॅटऱ्या मांडलेल्या, चिमटे लावलेल्या, आतनं बुडबुडे, घशात बसणारा तो वास, आणि दुकानदार काचेच्या नळीनं पाणी ओढून उजेडाकडं धरून बघायचा, डॉक्टरसारखा. बॅटरीवर खडूनं नाव लिहायचा. संध्याकाळी आणायला जायचं काम माझं. ॲसिड सांडून माझ्या खाकी चड्डीला मागं जाळी पडली, ती चड्डी पुढं वर्षभर तशीच शाळेत घातली.

तर काय सांगत होतो, लाल दिवा. ऐंशी टक्के झाली की काढावी, कायम काठोकाठ भरली की सेल लवकर म्हातारे होतात, हे मला माहितीय. शेवटी शेवटी सेल ४.२ व्होल्टला टेकले की चार्जर करंट कमी कमी करत नेतो आणि ते शेवटचं थोडं भरायला जीव खातो, हे पण माहितीय. पण हिरवा दिसल्याशिवाय हात प्लगकडं जातच नाही. ताटात टाकायचं नाही ह्या वळणातलंच असेल हे.

साडेचारला काकू म्हणाल्या, "चटणी वाटायची हाय, जरा काढू?" त्यांनीच काढून चार्जर कोनाड्यात ठेवला. चटणी झाली आणि लाईटच गेली. थोडा वेळ वाट बघितली, गप्पा झाल्या, पाऊस यंदा कसा, भात कसं, आमचे कोण कोण खानापुरात. लाईट काय आली नाही. दिवे लागायच्या आत घर गाठायचं म्हणून निघालो. पैशाचं तोंडात आणलं तर काकूंनी आमसुलांची पुडीच हातात ठेवली.

चार काड्या होत्या, पुरेल वाटलं. पण वारं समोरनं, त्यात जांबोटीपासनं मी थ्रॉटल जरा जास्तच ओढला. पिरनवाडीत शेवटची काडी गेली, पुढं ते पंचवीस किलोचं धूड पायानं ओढत कसाबसा घरी आलो. आल्या आल्या सगळ्या बॅगा पालथ्या घातल्या. आमसुलं होती, पंप होता, चार्जर नव्हता.

कोनाड्यात.

उद्या बसनं जाईन. नाहीतरी काकूंना बेळगावचा कुंदा न्यायचाच होता.