पट्टकदंबांच्या माहेरी: नागपूर ते त्सो मोरीरी

हिवाळ्यात नागपूरच्या आसपासच्या तलावांवर पट्टकदंब हे स्थलांतरित हंस (बार-हेडेड गूज) उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी चोच. भारतात त्यांची वीण होते ती लडाखच्या उंच तलावांवर. पिल्लं बघायची तर जुलैत तिकडेच जायला हवं, म्हणून मी आणि ताई निघालो.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. लेह ३,५०० आणि आम्हाला गाठायचं होतं ते त्सो मोरीरी सरोवर ४,५०० मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्केच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. डॉक्टरांनी सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का हे विचारूनच डायमॉक्स हे उंचीचा त्रास टाळायचं औषध लिहून दिलं आणि बजावलं, लेहला उतरल्यावर आधी फक्त आराम करा. आम्ही तो सल्ला अक्षरशः पाळला. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, त्यामुळे पोस्टपेडची सोय निघण्याआधीच केली होती.

लेहहून सकाळी लवकर निघालो. उपशीला मनालीचा रस्ता फुटतो. आम्ही सिंधूच्या काठानेच पुढे गेलो. चुमाथांगला रस्त्यालगत गरम पाण्याचे झरे आहेत, थंडगार नदीच्या अगदी शेजारी वाफ निघत असते. माहेला कागदपत्रं तपासली, पूल ओलांडला आणि इतका वेळ सोबत असलेली सिंधू मागे राहिली. सुमदोनंतर नामशांग ला ही खिंड चढताना ताईचं डोकं दुखू लागलं. बॅगेतलं चिवड्याचं पाकीट तोवर फुगून टम्म झालं होतं. बाहेरचा दाब किती उतरलाय हे त्या पाकिटाकडे बघून मला जास्त कळलं.

ड्रायव्हरदादांनी गाडी थांबवली, ताईला पाणी प्यायला लावलं आणि सरळ विचारलं, "उलटी होतेय? चालताना तोल जातोय?" दोन्ही नव्हतं. तरी आमचं तिथेच ठरलं, यातलं काहीही सुरू झालं तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. उंचीच्या आजारावर खरा उपाय तोच. रात्रीही गाडी तयार ठेवतो, असं दादा म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खिंड उतरल्यावर आधी क्यागर त्सो हे छोटं तळं लागतं आणि मग अचानक समोर त्सो मोरीरी. काठाजवळ हिरवट, आत गर्द निळं, पलीकडे बर्फाची शिखरं. या पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून ते मचूळ आहे. २००२ पासून ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे.

काठावरच्या कोरझोक गावी पोहोचलो तेव्हा ऊन बाकी होतं आणि पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. पळत सुटावंसं वाटत होतं, पण त्या उंचीवर पहिल्या संध्याकाळी धावपळ नको. आम्ही उतरलो त्या घरच्या मालकीणबाईंनी गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, दिलं. ताईने ते हळूहळू संपवलं, तासाभराने तिची डोकेदुखी उतरली, तेव्हा कुठे मी दुर्बीण काढली. दलदलीच्या कडेला पट्टकदंबांची जोडी आणि त्यांच्यामध्ये पिवळसर पिल्लं. मालकीणबाई म्हणाल्या, जवळ जाऊ नका, घाबरली की पिल्लं आईपासून लांब जातात आणि गावातली कुत्री टपलेलीच असतात. आम्ही अंगणातूनच बघितलं, अंधार पडेपर्यंत, आळीपाळीने.