रविवारची वरची ओळ

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

दुपारी दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. "मॅडम, वॉटरसनवरचा लेख कुठवर आलाय? आणि त्यांची एखादी छोटीशी मुलाखत मिळाली तर बहार येईल." मला हसूच फुटलं. अहो, 2009 मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने या माणसावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही भेट न होता. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर बसून काय मुलाखत मिळवणार!

बिल वॉटरसन, 'कॅल्विन अँड हॉब्स'वाला: कॅल्विन हा खोडकर पोरगा आणि हॉब्स हा त्याचा कापडी वाघ, यांची वर्तमानपत्रांतली चित्रपट्टी काढणारा अमेरिकन व्यंगचित्रकार. 18 नोव्हेंबर 1985 ते 31 डिसेंबर 1995, जेमतेम दहा वर्षं. 2400 च्या वर वर्तमानपत्रांत छापून येत होता, तेव्हा थांबला. हॉब्सचा कापडी वाघ बाजारात आणू दिला असता तर घरोघरी गेला असता. यानं कप, टी-शर्ट, खेळणी, सगळ्याला नाही म्हटलं. (अमेरिकेत गाड्यांच्या काचांवर दिसतो तो लघवी करणाऱ्या कॅल्विनचा स्टिकर चोरीचा आहे, हे लेखात ठणकावून लिहायचंय.)

आज दिवसभर रविवारच्या रंगीत पट्ट्यांतच अडकले. वर्तमानपत्रांच्या सोयीसाठी त्यांच्या चौकटी ठरलेल्या मापाच्या असत. वरची ओळ अशी काढायची की जागा कमी पडली तर संपादकाने ती खुशाल उडवावी आणि गोष्ट अडू नये. म्हणजे दर आठवड्याला थोडं चित्र फेकून देण्यासाठीच काढायचं! 1992 मध्ये लांब रजेवरून परतताना त्याची पट्टी वेगळ्या बोलीवर आली: अर्धं पान, आणि चौकटी फोडायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत. संपादक चिडले. पण त्यानंतरच्या पट्ट्या पाहाव्यात. डायनोसॉर ऐसपैस पसरलेत, एखादी चौकट नुसती उंच, तिच्यात शब्द नाही. माणूस कळायला आणखी काय लागतं?

पण माझं तेवढ्यावर भागत नाही, हीच गोम. चॅग्रिन फॉल्स हे त्याचं ओहायोतलं गाव. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात तो गुपचूप सह्या केलेली पुस्तकं ठेवून जायचा. लोक ती नेऊन इंटरनेटवर चढ्या भावाने विकतात हे कळल्यावर त्यानं ते बंद केलं. मी त्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पुढच्याच मिनिटाला नकाशा उघडून गावातल्या गल्ल्या न्याहाळत बसले. चांगला अर्धा तास. वर त्याच्यावरच लेखाचा पहिला परिच्छेद रचला: गल्ली, झाडं, बंद खिडक्या. देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू.

मघाशी तो उडवला. लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो, कुठे अडत नाही.

आता सुरुवात तो शिकला त्या केनियन कॉलेजातल्या त्याच्या खोलीच्या छतापासून. पाठीवर पडून त्यानं तिथे मायकेलअँजेलोचा आदम रंगवला आणि वर्ष संपताना त्यावर रंग फासून छत होतं तसं केलं. हे त्यानं स्वतःच 1990 च्या भाषणात सांगितलंय, म्हणून ठेवते.

सकाळी संपादकांना कळवायचं: मुलाखत नाही, घराचा फोटोही मागू नका.