आमच्या ओट्याचं माहेर

गर्दी नको म्हणून यंदा गोवा सोडून आंध्रातल्या रायलसीमेत गेलो, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री गंडिकोट्याला निम्म्या बंगळुरूच्या मधोमध तंबूत बसलो. पेन्ना नदीनं डोंगर कापून केलेली घळ, तांबड्या शिळांच्या चळती, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. फक्त फोटोत शेजारच्या तंबूतला स्पीकर ऐकू येत नाही. आई कानटोपी घालून, वर शाल गुंडाळून बसली होती. "ह्यापेक्षा आपली सोसायटी बरी," म्हणाली. सूर्योदयाला कड्यावर जागा धरायला पहाटेपासून झुंबड. मी गेलेच नाही, झोपले. लोकांना मात्र सांगते, अप्रतिम होता.

त्याआधीचे सोलापूर, रायचूर, कर्नूल हे दोन दिवस नुसते गाडीत गेले. कर्नूलला नाश्त्याला उग्गानी आली. भिजवलेले चुरमुरे, वर फोडणी, बाजूला मिरचीची भजी. आई मूळची लातूरची. एक घास खाऊन म्हणाली, "हा तर आमच्याकडचा सुशीला."

मला सांगायचंय ते मात्र पंक्चरचं.

बेलम गुहेच्या अलीकडे मागचं टायर बसलं. स्टेपनीत हवा नव्हती (ती बघायचं काम कोणाचं होतं, यावर नवऱ्याशी अजून एकमत नाही). दुकान जवळच सापडलं, पण दुकानदार जेवायला गेलेला. उन्हात उभे होतो. शेतांना कुंपण म्हणून काळपट फरश्या ओळीनं उभ्या पुरलेल्या, कंबरेएवढ्या. आईनं एकीवर तळहात फिरवला, नखानं खरवडलं. "अगं, हा कडप्पा!"

आपल्याकडे कडप्पा म्हणजे ओट्याचा दगड. ते एका जिल्ह्याचं नाव आहे, हे मला नकाशा उघडेपर्यंत माहीत नव्हतं. इथे तर त्याचंच कुंपण, त्याचीच पायरी, गोठ्यावर छप्परही त्याचंच.

समोरच्या घरातल्या आजींनी हाक मारली, "कूर्चो अम्मा," आणि अंगणातली फरशी पदरानं पुसली. आम्ही बसलो. ताकाचे पेले आले. आईला तेलुगू येत नाही, त्यांना मराठी नाही. फरशीवर एक पांढुरका, खडबडीत डाग होता. आईनं त्यावर बोट ठेवून हवेतच लिंबू पिळलं. आजी खदखदून हसल्या. "निम्मकाय!" मग दोघी सुरूच झाल्या. लिंबू सांडलं की हा दगड पांढरा पडतो. आई त्यावर खोबरेल तेलाचा बोळा कसा फिरवायची, ते हातवाऱ्यांनी सांगत होती. आजी मान डोलवत होत्या. पाऊण तास. टायर केव्हाच तयार झालं होतं.

पुढे बेलमला गेलो. सव्वातीन किलोमीटर लांबीची गुहा, त्यातली जेमतेम निम्मी बघायला खुली. आत इतकं दमट की चष्म्यावर वाफ. कडप्प्यासारखा हाही चुनखडकच, हजारो वर्षं आंबूस पाण्यानं विरघळून पोखरलेला. आई एका भिंतीला हात लावून म्हणाली, "म्हणजे इथे कोणीतरी फार लिंबं पिळली."

मी हसले, पण मनातून ओशाळले होते. चार वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा आईचा तीस वर्षांचा कडप्प्याचा ओटा मीच फोडायला लावला आणि चकचकीत ग्रॅनाइट बसवला. तेव्हा ती काही बोलली नव्हती. ओट्याचा एक तुकडा बाल्कनीत कुंड्यांखाली आहे.

परतताना खाणीशेजारच्या ढिगातून तिनं पोळपाटाएवढा तुकडा उचलून घेतला. पुण्यात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. डिकी उघडल्यावर तिनं आधी तो काढायला लावला, मग बॅगा.